चिप निघून आली त्यात प्रेसचा दोष नाही: चांदीचं सिंटरिंग करताना काय बघायचं

कुपवाड एमआयडीसीतल्या एका तरुण मित्राचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही लिंक लागेल. हे वेल्डिंग इन्व्हर्टर आणि इंडक्शन फर्नेसचे पॉवर युनिट दुरुस्त करतात, आता त्यांना स्वतःचं छोटं सिलिकॉन कार्बाइडचं पॉवर मॉड्यूल बनवून बघायचंय. त्यासाठी उघड्या चिप आणि चांदीची सिंटर पेस्ट, म्हणजे सोल्डरऐवजी चिप खाली बसवायला वापरतात ती चांदीच्या बारीक कणांची पेस्ट, मागवली, भंगारातल्या जुन्या मॉड्यूलचं डीबीसी, म्हणजे दोन्ही बाजूंनी तांबं बसवलेली सिरॅमिकची पट्टी, घासूनपुसून घेतली आणि शेडमधल्या २० टनी हायड्रॉलिक प्रेसला हीटरच्या प्लेटा बसवून २५० डिग्रीला दाबलं. एक चिप चिमट्यानं जरा हलवली तर सरळ निघून आली, खाली तांबं चॉकलेटी दिसत होतं, आणि दुसरी चिप कोपऱ्यात तडकली. त्यात विट्याचे मामा, ज्यांचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान आहे, ते म्हणाले की चांदी ९६२ डिग्रीशिवाय पातळ होत नाही, २५० ला ती कशी काय चिकटेल, तुला पेस्टवाल्यानं गंडवलंय. तर आता यांचा प्रश्न असा की मामांचं खरं का पेस्टवाल्याचं, आणि इंपोर्टेड सिंटर प्रेस घ्यावा का.

मी साताऱ्याचा, पण नोकरीतला बहुतेक काळ पॉवर मॉड्यूलच्या लाइनवर चिप बसवायच्या कामातच गेला, त्यामुळं यावर जरा सविस्तर लिहितो. प्रेस आत्ता घेऊ नका. तुमच्या दोन्ही चिपा कशामुळं गेल्या ते तुमच्या फोटोत दिसतंय, आणि एकीच्या बाबतीत प्रेसचा संबंधच नाही, ती प्रेसखाली जायच्या आधीच बिघडलेली होती.

मामांचं म्हणणं वितळवण्यापुरतं शंभर टक्के बरोबर आहे. चांदी ९६२ डिग्रीलाच वितळते आणि सिंटरिंगमधे ती शेवटपर्यंत वितळत नाहीच, सगळं काम घट्ट अवस्थेतच होतं. पेस्टमधे चांदीचे अतिशय बारीक कण किंवा पापुद्रे असतात, काही मायक्रॉनचे, काही पेस्टमधे तर नॅनोमीटरमधले. कण जेवढा बारीक तेवढा त्याच्या वजनाच्या मानानं पृष्ठभाग जास्त, आणि पृष्ठभागावरच्या अणूंना धरून ठेवणारे शेजारी कमी, म्हणून ते अणू जास्त चळवळे असतात. दोन कण एकमेकांना टेकले आणि २००-२५० डिग्री मिळाले की टेकलेल्या जागी अणू सरकत येतात आणि तिथं एक मान तयार होते, ती मान जाड होत जाते, शेजारच्या कणांशीही तेच होतं आणि शेवटी सगळ्याचा मिळून एकसंध पण बारीक छिद्रं असलेला चांदीचा थर होतो. आपल्याकडं कारखान्याच्या गोडाऊनमधे थप्पीच्या तळाचं साखरेचं पोतं दगड होतं ना, साखर वितळलेली नसते तरी दाणे एकमेकांना धरून बसतात, तसंच काहीसं, फक्त तिथं हे काम ओल करते आणि इथं उष्णता. आणि दाब कशाला, तर कण एकमेकांना जास्त ठिकाणी टेकावेत, मधली पोकळी कमी व्हावी आणि चिपच्या व तांब्याच्या पृष्ठभागाशीही नीट गाठ पडावी म्हणून.

हे काही कालपरवाचं फॅड नाही. १९८० च्या दशकात जर्मनीत सीमेन्समधे हर्बर्ट श्वार्झबाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केलं, तेव्हा दाब ४० मेगापास्कलच्या आसपास लागायचा. आता चांगल्या पेस्टला १० ते २० मेगापास्कल पुरतो. टेस्लाच्या मॉडेल ३ मधे सिलिकॉन कार्बाइडची मॉड्यूल आली त्यातही चांदीचं सिंटरिंगच आहे, आणि तिथून पुढं गाडीवाल्यांमधे हे लै पसरलं.

एवढा खटाटोप का, सोल्डर काय वाईट, हेही बघू, कारण तुमच्या कामाला याची गरज आहे का हे त्यावरच ठरणार. शिसं नसलेलं नेहमीचं सोल्डर २१७-२२० डिग्रीला वितळतं. सिलिकॉन कार्बाइडची चिप स्वतः १७५ डिग्रीला आरामात चालते आणि त्याच्या वरही जाऊ शकते, म्हणजे चिप मजेत आणि तिच्या खालचं सोल्डर वितळायच्या उंबऱ्यावर बसलेलं. धातू किती थकतो हे बघायला त्याचं चालू तापमान भागिले वितळण्याचं तापमान असं केल्व्हिनमधे बघतात. १५० डिग्रीला चालणाऱ्या सांध्यात सोल्डरसाठी हा आकडा ०.८६ येतो आणि चांदीसाठी ०.३४. साधारण ०.४ च्या पुढं गेलं की धातू हळूहळू सरकायला लागतो, गरम-थंड गरम-थंड होऊन त्यात भेगा पडतात, सोल्डर तिथंच मार खातं. दुसरं म्हणजे उष्णता वाहून न्यायची ताकद, सोल्डरची ६० वॅट प्रति मीटर केल्व्हिनच्या आसपास आणि सिंटर केलेल्या चांदीची छिद्रं धरूनही १५० ते २५०, काम चांगलं झालं तर त्याच्याही वर. शुद्ध भरीव चांदीची ४२९ च्या आसपास आहे.

आता तुमची पहिली चिप, ती निघून आलेली. खाली तांबं चॉकलेटी होतं असं तुम्ही लिहिलंय, सगळं त्यातच आलं. चांदीला टेकायला दुसऱ्या बाजूलाही स्वच्छ धातू लागतो, शक्यतो चांदीच. चिपच्या पाठीवर टायटॅनियम, निकेल आणि सगळ्यात वर चांदी असा थर बहुतेक वेळा असतोच, पण मागवताना खात्री करून घ्या. अडचण खालच्या बाजूला आहे. उघडं तांबं हवेत २५० डिग्रीला गेलं की त्यावर ऑक्साइड चढतो आणि तो चांदी आणि तांब्याच्या मधे येऊन बसतो. वर तुम्ही भंगारातलं डीबीसी घेतलं, त्यावरचं जुनं सोल्डर कितीही पुसलं तरी कथील तांब्यात मुरलेलं असतं, तिथं तांबं आणि कथलाचा वेगळाच कडक थर झालेला असतो, पॉलिश पेपरनं तो जात नाही, उलट पेपरच्या रेघा पडतात त्या वेगळ्याच. भंगारातलं डीबीसी या कामाला पूर्ण बाद समजा, कितीही मोह झाला तरी.

नवं डीबीसी घ्या, आणि जमत असेल तर चांदीचा पातळ मुलामा दिलेलंच घ्या. उघड्या तांब्यावर चालणाऱ्या पेस्ट मिळतात पण त्यांना नायट्रोजन लागतो, ऑक्सिजन अगदी कमी ठेवावा लागतो, सुरुवातीलाच त्या वाटेला जाऊ नका. मुलामा लोकल प्लेटिंगवाल्याकडून करून घेणार असाल, बसबारला, म्हणजे पॅनलमधल्या जाड तांब्याच्या पट्ट्यांना, चांदी चढवणारे भरपूर आहेत, तर एक टेस्ट न चुकता करा. मुलामा दिलेला तुकडा कोरा २८० डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं हवेत ठेवा आणि गार झाल्यावर भिंगाखाली तिरप्या उजेडात बघा. बारीक फोड दिसले किंवा चिकटपट्टी लावून ओढल्यावर थर सुटला तर तो मुलामा उपयोगाचा नाही. चकाकीसाठी बाथमधे जी सेंद्रिय द्रव्यं टाकतात ती थरात अडकून राहतात आणि तापल्यावर बाहेर यायला बघतात, बसबारला त्यानं काही फरक पडत नाही पण इथं सांधाच उचलला जातो.

सोन्याचा मुलामा भारी पडेल असं वाटणं साहजिक आहे, पण चांदीखाली सोनं मला आवडत नाही. मामांना विचारा, सोनं आणि चांदी कुठल्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. इथंही तेच होतं, चांदीचे अणू सोन्यात भराभर शिरतात आणि सांध्याजवळची चांदी ओढली जाऊन तिथं पोकळ पट्टी राहू शकते, विशेषतः जास्त तापमानाला लांब वापर झाला तर. सोन्यावर करणारे लोक आहेत आणि त्यांना जमतं, पण त्यांनी पेस्ट आणि प्रोफाइल त्यासाठी जुळवून घेतलेलं असतं.

पेस्टकडं येतो. डबी फ्रिजमधून काढली की लगेच झाकण उघडायचं नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात आत दव धरलंच म्हणून समजा. चांदी जड असते, खाली बसते, त्यामुळं डेटाशीटमधे सांगितलंय तसं ढवळून घ्या. स्टेन्सिल, म्हणजे पेस्टचा छाप पाडायची भोकाची पातळ पट्टी, ७५ ते १०० मायक्रॉनची चालेल. आणि छाप चिपपेक्षा जरा मोठा ठेवा, सगळ्या बाजूंनी थोडा थोडा, तुमच्या फोटोत तो चिपपेक्षा लहान दिसतोय, चिपचा कोपरा अधांतरी आहे आणि तडा तिथंच गेलाय. खाली आधार नसलेल्या काठावर दाब आला की ठिसूळ चिप दुसरं काय करणार.

सुकवणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा. पेस्टमधे द्रावण असतं आणि कण एकमेकांना आधीच चिकटू नयेत म्हणून प्रत्येक कणावर सेंद्रिय पदार्थाचं पातळ आवरणही असतं. द्रावण दाबाच्या आधी गेलं पाहिजे. चिपखाली ओली पेस्ट अडकली तर तिची वाफ मधून काठाकडं वाट काढते आणि थरात नाल्या पडतात, नंतर सेक्शन, म्हणजे सांध्याचा काप, कापून बघितलं तर त्या नाल्या झाडाच्या मुळांसारख्या पसरलेल्या दिसतात. साधारण १२० ते १४० डिग्रीला दहा ते तीस मिनिटं, पेस्टप्रमाणं. हे डोळ्यांनीही ओळखता येतं. ओली पेस्ट गडद आणि ओलसर चमकेची असते, सुकत आली की काठाकडून मधल्या भागाकडं तिचा रंग उतरत जातो आणि शेवटी सगळीकडं सारखी फिकट राखाडी, खडूसारखी मॅट दिसते. मधे एखादा गडद डाग राहिला असेल तर ते सुकलेलं नाही. आणि उलट बाजूनं भेगा दिसायला लागल्या, खाचर वाळल्यावर पडतात तशा, तर फार जोरात किंवा फार वेळ सुकवलंय. सुकल्यावर थर ५० मायक्रॉनच्या आसपास राहतो आणि दाबल्यावर तो तीसेक मायक्रॉनवर येतो. चिप सुकलेल्या थरावर ठेवायची, शक्यतो थोडी ऊब आणि हलका दाब देऊन, म्हणजे प्रेसपर्यंत नेताना ती सरकत नाही. कणांवरचं ते सेंद्रिय आवरण मात्र सिंटरिंगच्या वेळीच जळतं आणि त्याला ऑक्सिजन लागतो, म्हणून चांदीवर चांदी असेल तर साध्या हवेत काम करणं उलट सोयीचं. फक्त डीबीसीचा मुलामा न दिलेला भाग काळवंडेल, तो वायर बाँडिंगच्या, म्हणजे बारीक तारा जोडायच्या, आधी साफ करावा लागेल.

आता प्रेस. इथं जरा हिशोब करू कारण बहुतेकांची गडबड इथंच होते, मशीनचे टन बघतात आणि चिपवर काय येतंय ते बघत नाहीत. एक मेगापास्कल म्हणजे एक चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन. तुमची चिप ५ बाय ५, म्हणजे २५ चौरस मिलिमीटर. २० मेगापास्कल दाब हवा तर लागणार ५०० न्यूटन, म्हणजे साधारण ५१ किलो. एक धडधाकट माणूस उभा राहिला तरी याच्यापेक्षा जास्त वजन पडेल. आणि तुमचा प्रेस २० टनाचा, म्हणजे तुम्ही त्याच्या ताकदीच्या पाव टक्क्यावर काम करताय, तिथं गेजचा काटा जागचा हलतसुद्धा नाही. किती दाब दिला हे तुम्हाला माहीतच नव्हतं, कदाचित पाचपट गेला असेल.

त्यापेक्षा एक साधा न्यूमॅटिक सिलिंडर घ्या. ५० मिलिमीटर बोअरचा, ६ बार हवेवर तो हिशोबानं ११८० न्यूटनच्या आसपास जोर देतो, घर्षण धरून थोडा कमी. म्हणजे एका ५ बाय ५ चिपला भरपूर झाला, आणि रेग्युलेटर फिरवून दाब हवा तसा बारीक बदलता येतो. खाली लोडसेल, म्हणजे जोर मोजायचा सेन्सर, ठेवून एकदा खरा जोर मोजून घ्या. कुपवाड-मिरजेला हे सगळं सामान आणि ते नीट बसवून देणारे फिटर मिळतात. प्लेटा जाड आणि ग्राइंड केलेल्या असू द्या, वरची प्लेट गोलाकार बैठकीवर बसवा म्हणजे ती स्वतःहून खालच्या प्लेटला समांतर होते. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, हीटरजवळ न लावता चिप बसते त्या जागेच्या जवळात जवळ लावा, नाहीतर डिस्प्लेवर २५० आणि चिपखाली २१० असला प्रकार होतो, आणि मग दोष पेस्टला देत बसतो माणूस.

चिपच्या माथ्यावर स्टीलची प्लेट थेट टेकवायची नाही हे वेगळं सांगायला नको. वर गेटचा पॅड, म्हणजे चिप चालू-बंद करायच्या तारेची जागा, असतो, पॅसिव्हेशनचा नाजूक संरक्षक थर असतो, जराशी कचकच मधे आली तरी तिथं सगळा जोर एका बिंदूवर येतो. मधे टेफ्लॉनची फिल्म घाला, पन्नास ते शंभर मायक्रॉनची, टेफ्लॉन ३२७ डिग्रीपर्यंत वितळत नाही त्यामुळं ते टिकतं आणि उंच-सखल भागावर दाब सारखा पसरवतं. प्रत्येक दाबाला नवी फिल्म, कारण जुन्या फिल्मवर आधीच्या चिपचा ठसा असतो आणि त्या ठशाची कडा पुढच्या चिपवर बसते. गॅस्केटवालं साधं सिलिकॉन रबर वापरू नका, तापल्यावर त्यातून तेलकट पदार्थ सुटतो आणि चिपच्या पॅडवर जाऊन बसतो, मग वायर बाँड धरत नाही. दाब सारखा पडतोय का हे थंड प्लेटांवर प्रेशर फिल्मनं, दाब पडेल तिथं लाल होणारी मिळते ती, एकदा बघून घ्या. एका बाजूला गडद आणि दुसरीकडं फिकट आलं तर आधी प्लेटा जुळवा.

इंपोर्टेड प्रेसचा खरा उपयोग एकाच सबस्ट्रेटवर वेगवेगळ्या उंचीच्या पंधरा-वीस चिप एकदम दाबायच्या असतात तेव्हा, त्यात प्रत्येक चिपला स्वतंत्र पिस्टन असतो. तुम्ही एका चिपवर शिकताय, तुम्हाला तो आत्ता नको.

पॅरामीटर सुरुवातीला २५० डिग्री, १५ मेगापास्कल, तीन मिनिटं असे ठेवा, पेस्टच्या डेटाशीटमधे वेगळं असेल तर डेटाशीटचं ऐका. आणि खऱ्या चिपवर प्रयोग करू नका, महाग पडतं. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचे ३ बाय ३ चे तुकडे कापून घ्या, त्यावर शिका. सांधा किती धरतो हे तुकडा आडवा ढकलून, तोडून बघायचं असतं, त्यात लहान तुकड्याचा अजून एक फायदा आहे, सांध्याची ताकद ३० मेगापास्कल धरली तर ५ बाय ५ चिप तोडायला ७५० न्यूटन लागतात, साध्या जिगवर ते अवघड जातं, ३ बाय ३ ला २७० मधे काम होतं.

तोडल्यावर आकडा बघाच, पण त्याच्या आधी तुटलेली जागा बघा, मी तरी आधी तेच बघतो. तुकड्याच्या पाठीवर आणि डीबीसीवर दोन्हीकडं मॅट पांढरट चांदी ओरखडल्यासारखी, ओढल्यासारखी दिसली तर तडा चांदीच्या पोटातून गेलाय, म्हणजे दोन्ही बाजूंना तिनं घट्ट धरलं होतं. एका बाजूला सगळी चांदी आणि दुसऱ्या बाजूला मूळ मुलामा जसाच्या तसा गुळगुळीत दिसला तर त्या बाजूला चांदी चिकटलीच नव्हती, आकडा कितीही चांगला आला असला तरी असला सांधा मी पुढं पाठवणार नाही. मधे चांगलं आणि काठाला सैल असेल तर दाब किंवा छाप बघा, काठाला चांगलं आणि मधे सैल असेल तर सुकवणं बघा. मोठ्या पोकळ्या आणि सुटलेला भाग अल्ट्रासाउंडवाल्या स्कॅनिंग मायक्रोस्कोपमधे दिसतो, ती बारीक छिद्रं मात्र एक्स-रेला दिसत नाहीत, त्यासाठी सेक्शन कापून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीच ठेवावं लागतं.

चांदीच्या भावाची काळजी तुम्ही केलीय, ती सोडा. ५ बाय ५ चिपखाली तीस मायक्रॉनचा थर म्हणजे छिद्रं वजा करून साधारण ७ मिलिग्रॅम चांदी, एका ग्रॅममधे १४०-१५० चिप बसतात. पैसे जातात ते पावडर बनवण्यात आणि स्टेन्सिलवर उरलेल्या पेस्टमधे. ती उरलेली पेस्ट, पुसलेले कपडे, तुटलेले नमुने, सगळं एका बरणीत साठवा, त्यातली चांदी परत काढायचं काम घरातच होणार आहे तुमच्या. सुकलेली पेस्ट खरवडताना मास्क आणि हातमोजे घाला, चांदीची बारीक धूळ वर्षानुवर्षं अंगात गेली तर कातडी निळसर होते आणि ती परत उजळत नाही.

राहिला प्रश्न तुमच्या कामाला हे हवंय का. दुरुस्तीच्या युनिटमधे जे प्लास्टिकमधे पॅक केलेले मॉस्फेट किंवा आयजीबीटी, म्हणजे तयार पॉवर ट्रान्झिस्टर, येतात त्यांना हे लागू नाही, ते असं दाबायचे नसतात. साध्या सिलिकॉनची चिप, १२५ डिग्रीच्या आत चालणारी, दिवसातून फार वेळा गरम-थंड न होणारी असेल तर व्हॅक्यूम रिफ्लो करून, म्हणजे निर्वातात सोल्डर वितळवून, पोकळ्या कमी केलेलं सोल्डर पुरेसं आहे, तिथं चांदी घालून काही मिळत नाही. वेल्डिंगचं काम वेगळं आहे, तिथं आर्क लागला-सुटला, लागला-सुटला, चिप दिवसभर तापते आणि निवते, त्यात सिलिकॉन कार्बाइड असेल तर सिंटरिंगचा फायदा नक्की दिसेल. फक्त खालचा सांधा भक्कम झाला की मार वरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरला बसतो आणि मग ती आधी सुटते, त्यामुळं वरची जोडणी कशी करणार हे आत्ताच डोक्यात असू द्या. बिनदाबाच्या पेस्टही येतात, दोन-तीन मिलिमीटरच्या चिपला त्या ठीक आहेत, ५ बाय ५ ला मी दाबच घेईन. तांब्याची पेस्ट स्वस्त असते पण तिचा ऑक्सिडेशनचा जाच मोठा, ते नंतर.

तर आधी मुलाम्याचा तुकडा तापवून बघा, मग ३ बाय ३ चे दहाबारा तुकडे दाबून तोडा आणि तुटलेल्या दोन्ही बाजूंचे फोटो, सुकवायचं तापमान आणि लोडसेलचा आकडा असं सगळं मला पाठवा. त्यावरून सुकवणं बदलायचं का दाब हे सांगता येईल, तोपर्यंत उरलेल्या चिपा डब्यातून काढू नका.